नादकाट्याचा खोटा सूर

मित्रांनो, मला दोन भुजा आहेत, एक दांडी आहे आणि साऱ्या जन्मात मला एकच सूर येतो. तुम्ही म्हणाल, एका सुरावर कोणी एवढा तोरा मिरवतो का? मी मिरवतो. तो सूर कधी तसूभरही ढळला नाही, म्हणून मिरवतो. ढळला तो फक्त दोनदा, आणि त्या दोन वेळांबद्दलच मी आज बोलणार आहे.

मी नादकाटा आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझी भावंडे असतील. रबरी ठोकळ्यावर आपटली की ती गुणगुणतात आणि पाण्याला टेकवली की पाणी उडवतात. मुले हसतात, तास संपतो आणि ती पुन्हा कपाटात जातात. माझे नशीब त्यांच्याहून बरे निघाले.

एका लहानशा कारखान्यात पोलादी कांब मधोमध वाकवून मला घडवले. घडवणारा कारागीर तिरसट होता. मला ठोकायचा, ऐकायचा, तोंड वाकडे करायचा आणि कानस घेऊन पुन्हा घासायला बसायचा. भुजांची टोके घासली की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. असे त्याने मला किती वेळा चढवले-उतरवले त्याची गणती नाही. एका दुपारी मात्र त्याने मला ठोकले आणि तोंड वाकडे केले नाही. मला नुसते फडक्याने पुसून बाजूला ठेवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

माझे पहिले मालक पियानो दुरुस्त करणारे होते. त्यांना सगळे दुरुस्तीवाले म्हणत. लोकांच्या घरी जाऊन, पियानोचे झाकण उघडून ते आत डोके घालत. मला गुडघ्यावर आपटून माझी दांडी दातांत धरत आणि माझ्या सुराशी तारा जुळवत बसत. "दातांत धरलं की दोन्ही हात मोकळे राहतात," असे ते सांगत. तरुणपणी ते मला कधी दातांत धरत, कधी कानाशी नेत. वय वाढले तसे कानाशी नेणे बंदच झाले. माझ्या दांडीच्या टोकावरचा चकचकीत मुलामा दातांनी पार निघून गेला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. माणसाला एखादी सवय लागते, असे मी समजलो. किती वेड्यासारखे समजलो, ते पुढे कळले.

दुरुस्तीवाल्यांनी मला आपल्या मुलाच्या हाती दिले. हा मुलगा पुढे फार मोठा संगीतकार झाला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मोठमोठ्या सभागृहांत त्यांच्या रचना वाजत आणि संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत. मी त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात असे. तालमीला चाळीस वादक वाद्ये सरसावून बसले की मास्तर मला टेबलाच्या कडेवर ठोकत आणि ते चाळीस जण माझ्या सुरावर आपापला सूर लावत. मित्रांनो, हे सुख काय असते ते कसे सांगू! मी एवढासा, आणि ढोलाएवढे पोट असलेली ती वाद्ये माझ्यामागे मुकाट्याने यायची.

मास्तरांचा कान कसा होता त्याची एक गोष्ट सांगतो. त्यांना एकच मुलगी. तिचा आवाज इतका पातळ आणि चिवचिवता होता की तिचे नाव चिमणी पडले. तिची आई लवकर गेली, त्यामुळे चिमणी वडिलांच्या कामाच्या खोलीतच वाढली. सहा वर्षांची असताना तिने एकदा मेणबत्तीच्या मेणाची गोळी करून माझ्या एका भुजेला चिकटवली आणि मला ठोकले. भुजा जड झाली की सूर उतरतो. उतरला तोही अगदी किंचित. मास्तर शेजारच्या खोलीत दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते धावत आले. "कोणी हात लावला याला?" चिमणी पलंगाखाली. त्यांनी तिला पाय धरून बाहेर ओढले आणि दोघे पोट धरधरून हसले. मला मात्र हसू आले नाही. माझी अब्रू गेली होती. पण एवढासा उतरलेला सूर भिंतीपलीकडून ओळखणारे कान आपले आहेत, याचा अभिमानही तेव्हाच वाटला.

ते कान पुढे हळूहळू गेले. इतके हळूहळू की कोणाला पत्ताच लागला नाही.

आधी खालचे सूर गेले. मोठ्या व्हायोलिनवाल्याला मास्तर उगाचच "जरा जोर लाव" म्हणू लागले. तो बिचारा घामाघूम व्हायचा. मग एक विचित्रच प्रकार सुरू झाला. गजबजलेल्या बाजारात मास्तरांना लोकांचे बोलणे नीट कळायचे आणि घरातल्या शांततेत कळायचे नाही. चिमणी रुसायची. "बाहेर सगळ्यांशी गप्पा मारता, आणि घरी माझ्याकडेच लक्ष नसतं तुमचं!" मास्तर स्वतः मात्र अगदी हळू बोलू लागले, कारण त्यांचा स्वतःचा आवाज त्यांच्या डोक्यात मोठा घुमायचा. आणि एक दिवस त्यांनी मला ठोकले, कानाशी नेले, क्षणभर थांबले आणि माझी दांडी दातांत धरली.

हे सगळे ते लपवत होते. संगीतकाराला ऐकू येत नाही हे बाहेर कळले तर काय राहील? त्यांनी गुडघे दुखतात म्हणून वाद्यवृंदापुढे उभे राहणे सोडले. घरी बसून रचना लिहू लागले. डोक्यात सगळी वाद्ये वाजत होतीच, ती कागदावर उतरत. चिमणी मोठी झाली आणि प्रत्येक वादकासाठी त्यांच्या रचनांच्या प्रती सुबक अक्षरात काढून देऊ लागली. तिचे टेबल वडिलांच्या टेबलासमोर होते. ते तिच्या ओठांकडे बघून बोलणे ओळखायला शिकले आणि तिला वाटत राहिले, बाबांना माझे तरी ऐकू येते.

तरी कुजबुज व्हायचीच. लोकांना कारणांची काय कमी! कोणी म्हणे, पितळी वाद्यांजवळ उभे राहून कान फाटले. कोणी म्हणे, लहानपणी तापात घेतलेल्या औषधाने घात केला. वर्तमानपत्रात एकाने लिहिले की थोर प्रतिभेला असा शाप असतोच. बासरीवाला तर शपथेवर सांगे की थंड पाण्याने डोके धुण्याचा हा परिणाम. डॉक्टरकडे जा, एवढे एकच कोणी सांगितले नाही. कारण मास्तर प्रत्येकाला हसून सांगत, "मला सगळं ऐकू येतं. तुम्ही बोलता तेवढंच ऐकण्यासारखं नसतं."

मी टेबलाच्या खणात गेलो. शेजारी एक श्रवणयंत्र होते. मास्तरांनी ते गुपचूप आणून एक तासभर घातले आणि ते बेसूर शिट्टी मारते म्हणून खणात टाकून दिले होते. आम्ही दोघे वर्षानुवर्षे एका अंधारात पडून राहिलो. चिमणी कधीतरी टाचण्या शोधायला खण उघडायची, तेव्हा तिचा आवाज माझ्या कानावर पडायचा. तो बदलला होता. तो पातळ, चिवचिवता आवाज जाऊन त्या जागी एक भरदार, खालचा, किंचित घोगरा आवाज आला होता, दुपारी दमून घरी आलेल्या माणसाला ऐकावासा वाटेल असा. मला मास्तरांना सांगावेसे वाटायचे, "अहो, ऐका तरी हिला!" पण मला कोणी ठोकल्याशिवाय बोलता येत नाही.

चिमणी बत्तीस वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी गुपित फुटले. मास्तरांनी बायकांच्या आवाजांसाठी एक गीत रचले होते. टाचण्यांसाठी खण उघडाच होता, म्हणून मी सगळे पाहिले.

"चिमणे, वरची ओळ तू गाऊन दाखव. तुझ्या पातळ आवाजालाच शोभेल ती," मास्तर म्हणाले.

चिमणी हसली. "बाबा, माझा आवाज पातळ राहिलाय कुठे? किती वर्षं झाली तो उतरून."

"काहीतरीच! आत्ता बोललीस ना? ऐकलं की मी. होता तस्साच आहे."

चिमणीचे हसू मावळले. मग तिने आवाज न काढता, नुसते ओठ मोठे मोठे हलवून विचारले, "खिडकी लावू का?"

"नको, राहू दे," मास्तर कागदावर वाकत म्हणाले. "आणि एवढ्या मोठ्याने काय बोलतेस?"

मित्रांनो, त्या मुलीचा चेहरा मी विसरू शकत नाही. वडील रोज जिच्याशी बोलत होते, ती बारा वर्षांची एक पोरगी होती. ओठ तिचे असत आणि आवाज वीस वर्षांपूर्वीचा. आपला खरा आवाज बाबांनी कधी ऐकलेलाच नाही, हे तिला त्या क्षणी कळले. तिने खिडकी लावली, तिथेच पाठमोरी उभी राहून डोळे पुसले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरबाईंकडे नेले. मास्तर येईनात, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला तुम्हाला माझा आवाज ऐकवायचाय. तेवढ्यासाठी चला." त्यांनी कोट चढवला. निघताना त्यांनी मला खणातून काढून खिशात ठेवले.

तिथे एका काचेच्या खोलीत मास्तरांच्या कानांना यंत्र लावले. आवाज आला की बटण दाबायचे, एवढेच काम. यंत्रावरची बाई सवयीने सारख्या अंतराने आवाज सोडत होती. मास्तरांनी काचेतून तिच्या बोटांची हालचाल पाहून लय पकडली आणि बटण अगदी तालात दाबायला सुरुवात केली! पहिला तक्ता बघून डॉक्टरबाई खूश, दुसरा बघून चक्रावल्या. मग त्यांनी मधेच यंत्र बंद करायला लावले. मास्तर दाबतच राहिले.

"मास्तर, मशीन बंद होतं," त्यांनी कागदावर लिहून दाखवले.

"मग तुमच्या बाई ठोका चुकल्या," मास्तर म्हणाले.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. पण लगेच त्या गंभीर झाल्या. त्यांनी आपला नादकाटा काढला, तर मास्तर म्हणाले, "हा सूर माझा नाही. माझा घ्या." अशा रीतीने मी डॉक्टरबाईंच्या हाती आलो. त्यांनी मला हातात धरून ठोकल्यासारखे केले, पण ठोकले नाही, आणि मास्तरांच्या उजव्या कानापाशी नेले. मी मुका होतो.

"येतोय," मास्तर म्हणाले. "काय गोड आहे! इतक्या वर्षांत जरा बदलला नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"खोटं नाही बोलत ते," डॉक्टरबाई चिमणीला म्हणाल्या. "त्यांना हा सूर इतका पाठ आहे की ऐकणं कुठलं आणि आठवणं कुठलं, हे त्यांचं त्यांनाच कळत नाही. दुसऱ्या कोणाला मी विचारलं असतं तर नाही म्हणाला असता. यांना कसं तपासायचं?"

मग त्यांनी दोघांना सगळे समजावले. चिमणीला तोंडी आणि मास्तरांना कागदावर. "कानात तीन इवलीशी हाडं असतात. पडद्यावरचा आवाज ती हलून हलून आत पोचवतात. शेवटचं हाड घोडेस्वाराच्या रिकिबीसारखं दिसतं, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. कधी कधी त्याच्या पायाभोवती नवं हाड वाढतं आणि ते घट्ट बसून जातं. मग हलत नाही. दार अडकावं तसं. यांचं तेच झालं असेल, तर ते हाड काढून तिथे बारीकसा दट्ट्या बसवता येतो, आणि पुष्कळ ऐकू येतं. पण आतली नसच मेली असेल, तर कान उघडून काही उपयोग नाही. उलट उरलंसुरलंही जाऊ शकतं. नस जिवंत आहे की नाही हे कळल्याशिवाय मी हात लावणार नाही." मग त्यांनी मास्तरांना लिहून विचारले, "हे घराण्यात असतं. तुमच्या वडिलांना ऐकू यायचं?"

"वडिलांना? शेवटपर्यंत पियानो जुळवले त्यांनी!"

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझी दांडी उजेडात धरली. "इथला मुलामा कशाने गेला?"

"दातांनी. ते दातांत धरायचे. हात मोकळे राहतात म्हणून."

"आणि तुम्ही?"

मास्तरांनी नकळत दातांवरून जीभ फिरवली. कानात आवाज जायची वाट अडली तरी दातांतून, जबड्याच्या हाडातून तो आत जातो. बाप आणि लेक, दोघांनीही आपापल्या काळी कोणाला न सांगता ती आडवाट शोधली होती. मी दोघांच्याही दातांत होतो आणि मला काही कळले नव्हते. वाटले, मला ते कळले असते आणि वाचा असती, तर मी निदान चिमणीला तरी वेळेवर सावध केले असते.

"नस जिवंत असावी असं वाटतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण नुसत्या वाटण्यावर ऑपरेशन नाही करता येत. हे नेहमी म्हणणारच, सूर बरोबर आहे."

चिमणी एकदम उभी राहिली आणि बाबांना ओठ दिसू नयेत म्हणून पाठमोरी होऊन म्हणाली, "मग तो चुकीचा करू या! बरोबर सूर त्यांना आठवतो. चुकीचा कसा आठवेल?"

तिने औषधांच्या टेबलावरून मेणाचा तुकडा मागून घेतला, बोटांत मळून त्याची गोळी केली आणि वडिलांच्या पाठीमागे उभे राहून माझ्या भुजेला चिकटवली. सहा वर्षांच्या चिमणीने केले होते तेच तिने केले. पण या वेळी ती पलंगाखाली पळाली नाही.

मित्रांनो, ज्या एका सुरावर मी जन्मभर जगलो, तो मला मुद्दाम खोटा लावायचा होता. आणि मनात एकच धावा होता, मास्तर, चिडा! कृपा करून माझ्यावर चिडा!

मास्तरांना डोळे मिटायला सांगितले. दुसऱ्या कानाने चोरून ऐकू नये म्हणून त्याच्यापाशी एक खुळखुळणारी डबी धरली. डॉक्टरबाईंनी मला रबरी ठोकळ्यावर चांगलेच ठोकले आणि उजव्या कानासमोर धरले. मी जीव तोडून बेसूर वाजलो.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "नेहमीचाच."

चिमणीने तोंडावर हात ठेवला. मी थरथरत होतो, पण आतून थंड पडलो. माझे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते. आठवणीतला मीच त्यांच्यापाशी बसला होता, आणि खरा मी दाराबाहेर उभा होतो.

डॉक्टरबाईंनी मला पुन्हा ठोकले. या वेळी त्यांनी माझी दांडी कानामागच्या हाडावर घट्ट टेकवली.

एक क्षण गेला. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. मग नाक आक्रसले. दोन्ही खांदे वर गेले आणि ते खुर्चीतून उठलेच. "शी! हे काय? उतरलाय हा! कोणी हात लावला याला?" त्यांनी मला हिसकावून घेतले, डोळ्यांजवळ धरले, मेण पाहिले आणि मागे वळून गरजले, "चिमणे!"

चिमणी त्यांच्या गळ्यात पडून हसत होती आणि रडत होती. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. "नस जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं दार अडकलंय." मेण माझ्या अंगावर तसेच होते. मला इतकी घाणेरडी शिवी आजवर कोणी दिली नव्हती, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता.

ऑपरेशन झाले. कानात कापसाची पट्टी भरून मास्तरांना घरी पाठवले. दहा दिवस त्यांना काही ऐकू येत नव्हते. घाई करायची नाही, कान हळूहळू भरून येतो, असे त्यांना लिहून दिले होते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कोणी "काय म्हणालास?" असे वारंवार विचारू लागले, तर त्यांना हसू नका आणि त्यांच्यावर ओरडूही नका. हात धरून तपासायला न्या. तुम्हाला स्वतःला कमी ऐकू येत असेल तर लपवू नका, त्यात लाजण्यासारखे काही नाही. चिमणी आता दर वर्षी स्वतःचे कान तपासून घेते. मास्तरांचे अडकलेले दार डॉक्टरबाईंनी उघडून दिले. पण लपवण्यात गेलेली वीस वर्षे त्यांनाही परत आणता आली नाहीत.

पट्टी काढायच्या दिवशी मी मास्तरांच्या खिशात होतो. ते डॉक्टरबाईंसमोर बसले होते. चिमणी डॉक्टरबाईंची चिठ्ठी घेऊन औषध आणायला बाहेर गेली होती, ती परत आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. डॉक्टरबाईंनी चिमट्याने पट्टी हळूच ओढून काढली. मास्तर दचकले. खुर्ची करकरली, कुठेतरी कागद फाटला, बाहेर कोणी चालत गेले. प्रत्येक आवाजाला ते मान वळवत होते.

"दुखतंय का?" चिमणीने मागून विचारले.

मास्तर डॉक्टरबाईंकडे झुकले. "मागे कोणी बाई आल्यात वाटतं," ते हळूच म्हणाले. "त्यांना जरा थांबायला सांगता का? माझी मुलगी येईल इतक्यात."

डॉक्टरबाईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"बाबा," तो भरदार, घोगरा आवाज म्हणाला, "मीच आहे."

मास्तर वळले. त्यांनी सवयीने तिच्या ओठांकडे पाहिले. मग त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि तिचा हात चाचपून धरला.

"बोल गं," ते म्हणाले. "काहीही बोल. तू मोठी झालीस ते मला ऐकायचंय."